इनबॉक्स नक्की राहतो कुठे? मेलचे फोल्डर आणि शेअर्ड कॅलेंडर यांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर इथे देत आहे. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युली' बरेचसे काढून टाकलेत. काही राहिले असतील, तेवढे चालवून घ्या.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मेल फक्त फोनवर पाहिला असेल. नवीन फोन घेतला, पासवर्ड टाकला, मेल आले, विषय संपला. पण पहिली नोकरी लागते, लॅपटॉप मिळतो आणि कुणीतरी सांगतं, "थंडरबर्ड टाकून घे" किंवा "आउटलुकमध्ये अकाउंट जोड." मग एक खिडकी उघडते आणि प्रश्न विचारायला लागते. आयमॅप की पॉप? पोर्ट कुठला? सेंट फोल्डर कुठे ठेवू? कॅलेंडर या कॉम्प्युटरवर की नेटवर्कवर? आपण गुगल करतो, कुणीतरी सांगितलेले आकडे भरतो आणि पुढे जातो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि माझ्या टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला ही खिडकी अडवते. त्या खिडकीतला एकेक प्रश्न म्हणजे कुठल्या तरी वर्षी कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. आज तेच निर्णय क्रमाने पाहू. कारण उत्तर चुकलं तर काय जातं, हे माझ्या घरात घडलेलं आहे. ते मध्ये सांगतेच.

मेल म्हणजे एक फाइल

१९७१ साल. अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन नावाच्या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेटवर्कमधून निरोप पाठवला. दोन्ही मशीन एकाच खोलीत, शेजारी शेजारी. माणसाचं नाव आणि मशीनचं नाव वेगळं करायला त्यांनी '@' हे चिन्ह निवडलं. ते आजपर्यंत टिकलं.

तेव्हा 'मेल डाउनलोड करणं' असा प्रकारच नव्हता. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेले अनेक टर्मिनल. तुमचा इनबॉक्स म्हणजे त्या मोठ्या मशीनवरची एक फाइल. वाचायचं तर तिथेच लॉगिन करायचं.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये एसएमटीपी आलं. मेल एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे ढकलायचा कसा, त्याचे हे नियम. आजही तुमचा प्रत्येक मेल याच नियमांच्या पुढच्या आवृत्तीने जातो. पण यात एक गृहीतक होतं, की घेणारं मशीन कायम चालू असणार. मोठ्या मशीनसाठी ते ठीक होतं. मग टेबलावरचे छोटे पर्सनल कॉम्प्युटर आले. संध्याकाळी माणूस घरी जाताना बटण बंद करून जाणार. रात्री मेल आला तर तो घ्यायचा कुणी?

पॉप : पोस्टातली पेटी

उत्तर निघालं ऑक्टोबर १९८४ मध्ये. नावच बघा, पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. पहिला मसुदा जॉइस रेनॉल्ड्स यांचा. कल्पना अगदी साधी होती. कायम चालू असणाऱ्या सर्व्हरवर तुमची एक पेटी. तुम्ही अधूनमधून जायचं, पेटी उघडायची, पत्रं पिशवीत भरून घरी आणायची. पेटी रिकामी. १९८८ मध्ये याची तिसरी आवृत्ती आली, पॉप थ्री. सेटिंगमध्ये आजही दिसतं ते हेच.

त्याच १९८८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी युडोरा हा मेल प्रोग्राम लिहिला. युडोरा वेल्टी या लेखिकेच्या एका कथेत पोस्ट ऑफिसात राहायला जाणारी बाई आहे. सतत पोस्ट ऑफिस प्रोटोकॉलवर काम करून आपणही पोस्टातच राहतोय असं डॉर्नरना वाटायला लागलं, म्हणून हे नाव.

आता आपल्याला वाटतं, पेटी रिकामी करणं किती वेडेपणा! पण त्या काळात उभं राहून बघा. सर्व्हरवरची डिस्क महाग. फोनची लाइन त्याहून महाग. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं, तेही फोनलाइनवरून. मॉडेम चर्र चर्र करत जोडलं जायचं, तेवढा वेळ घरचा फोन बंद, आणि वर मिनिटामिनिटाचा हिशोब. अशा वेळी जोडा, मेल ओढून घ्या, तोडा, मग निवांत वाचा, उत्तरं लिहून आउटबॉक्समध्ये ठेवा, परत जोडा आणि पाठवा, हीच शहाणपणाची पद्धत होती. आउटबॉक्स नावाचा फोल्डर आजही दिसतो ना? तो त्या दिवसांची खूण आहे.

गडबड अशी झाली की काळ बदलला, सेटिंग तेच राहिलं.

माझ्या मामांचा बेदाण्याचा व्यापार आहे, सांगली भागात. २००५ च्या आसपास त्यांनी दुकानात कॉम्प्युटर घेतला आणि सेटअप करून देणाऱ्याने मेलचं अकाउंट पॉपने जोडलं. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काही केली नाही. अकरा वर्षं सगळं छान चाललं. २०१६ मध्ये हार्ड डिस्क गेली. ऑर्डरी, भावावरून झालेली बोलणी, एका जुन्या गिऱ्हाइकाबरोबरच्या वादातले सगळे लेखी पुरावे, सगळं तिच्याबरोबर गेलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. मामांनी फोन करून विचारलं, "अगं, मेल तर इंटरनेटवर असतात ना? मग माझा कॉम्प्युटर बिघडला तर ते जातील कसे?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त त्यांचे मेल इंटरनेटवर कधी राहिलेच नव्हते. पेटी दर दहा मिनिटांनी रिकामी होत होती. सर्व्हरवर काहीच नव्हतं, आणि त्या वादात मामांना शेवटी समोरच्याचं म्हणणं मान्य करावं लागलं.

आयमॅप : खरी प्रत सर्व्हरवर

या प्रश्नाचं उत्तर मात्र मामांनी कॉम्प्युटर घेण्याच्या कितीतरी आधी तयार होतं. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप तयार केलं. त्यांचा विचार पॉपच्या नेमका उलटा. पत्रं घरी न्यायचीच नाहीत. ती सर्व्हरवरच राहतील, फोल्डरही सर्व्हरवरच असतील. तुमच्या टेबलावरचा प्रोग्राम म्हणजे त्याकडे बघायची एक खिडकी. खिडक्या कितीही असू द्यात, आतलं सामान एकच.

यासाठी क्रिस्पिन यांनी प्रत्येक मेलला सर्व्हरवरच खुणा लावल्या : वाचला, उत्तर दिलं, महत्त्वाचा, काढून टाकलेला. तुम्ही बसमध्ये फोनवर मेल वाचता आणि ऑफिसात लॅपटॉपवर तो आधीच 'वाचलेला' दिसतो, ते या खुणांमुळे.

'काढून टाकलेला' ही फक्त खूण आहे, हे लक्षात घ्या. आयमॅपमध्ये मेल दोन पायऱ्यांत जातो. आधी खूण लागते, मग 'एक्सपंज' नावाची आज्ञा दिली की खरोखर पुसला जातो. म्हणून काही प्रोग्रामांत मेल डिलीट केला तरी त्यावर नुसती रेघ मारलेली दिसते. थंडरबर्डमधलं 'कॉम्पॅक्ट फोल्डर' हे त्याचंच घरगुती रूप आहे. थंडरबर्ड मुळात अख्खा फोल्डर एकाच लांबलचक फाइलमध्ये साठवतो. मेल काढला तरी फाइल तेवढीच राहते. कॉम्पॅक्ट केलं की ती नव्याने लिहिली जाते आणि डिस्कवरची जागा सुटते.

१९८६ मध्ये शोध लागला, मग सगळे लगेच आयमॅपकडे का गेले नाहीत? कारण खर्च सर्व्हरवाल्याच्या माथी येत होता. सगळ्यांचे सगळे मेल कायमचे सांभाळायचे म्हणजे डिस्क हवी, आणि खिडकी उघडी ठेवायची तर लाइन कायम जोडलेली हवी. विद्यापीठांना ते परवडलं. घरोघरी इंटरनेट विकणाऱ्यांना पॉपच सोयीचं होतं. तोवर आयमॅप सुधारत राहिलं. १९९४ मध्ये चौथी आवृत्ती, १९९६ मध्ये तिची दुरुस्ती. १९९७ मध्ये 'आयडल' ही सोय आली, म्हणजे नवीन मेल आला की सर्व्हरच हाक मारणार, तुम्ही सारखं विचारायची गरज नाही. मग ब्रॉडबँड आलं, त्यामागून स्मार्टफोन आले. एका माणसाच्या हातात दोन-तीन उपकरणं आल्यावर पॉपचा हिशोबच मोडला. क्रिस्पिन २०१२ च्या डिसेंबरमध्ये गेले. तोपर्यंत त्यांचा प्रोटोकॉल जगभरच्या फोनांत पोहोचला होता.

दोन-दोन सेंट फोल्डर का दिसतात?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवीन सहकारी विचारतो. 'सेंट', 'सेंट आयटम्स', 'सेंट मेसेजेस' असे तीन-तीन फोल्डर, आणि पाठवलेला मेल नेमका कशात गेला ते कळत नाही.

कारण असं, की आयमॅपने फक्त एकाच फोल्डरचं नाव ठरवून दिलं होतं : इनबॉक्स. बाकी नावं ज्याची त्याने ठेवायची. एका कंपनीने 'सेंट' म्हटलं, दुसरीने 'सेंट आयटम्स'. त्या दोघांचे प्रोग्राम तुमच्या अकाउंटला जोडले की प्रत्येक जण आपापला फोल्डर करून मोकळा. २०११ मध्ये यावर तोड निघाली. नाव काहीही असू दे, सर्व्हर फोल्डरच्या अंगावर चिठ्ठी लावेल : हा पाठवलेल्यांचा, हा मसुद्यांचा, हा कचऱ्याचा, हा स्पॅमचा. आजचे बहुतेक प्रोग्राम ती चिठ्ठी वाचतात. तरी जुन्या सर्व्हरवर हाताने सांगावं लागतं. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंगमधल्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये जाऊन सेंट, ड्राफ्ट आणि अर्काइव्ह कुठे जायचे ते एकदा नीट निवडा. दहा मिनिटांचं काम आहे, वर्षभराचा ताप वाचतो.

आपल्या लिपीशी निगडित एक गंमतही सांगते. तुम्ही 'घर' किंवा 'पगार' नावाचा फोल्डर मराठीत केलात, तर आयमॅपच्या जुन्या नियमांनुसार तो सर्व्हरवर देवनागरीत साठत नव्हता. 'अँड'च्या चिन्हाने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची एक अगम्य माळ तयार व्हायची. प्रोग्राम ती उलगडून परत 'घर' दाखवायचा. एखादा प्रोग्राम कच्चा असला की ती माळ तशीच्या तशी डोळ्यासमोर यायची. २०२१ मध्ये आलेल्या आयमॅपच्या नव्या आवृत्तीत फोल्डरची नावं सरळ युनिकोडमध्ये ठेवायचं ठरलं. मराठीत फोल्डर करायला हरकत नाही, असं नियमानेच म्हणायला पस्तीस वर्षं लागली.

आणि जीमेल? १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, एक जीबी जागा घेऊन. त्या काळी तो आकडा इतका मोठा होता की अनेकांना तो एप्रिल फूल वाटला. त्यांनी फोल्डरच नाकारले आणि लेबल आणली. फोल्डर म्हणजे कप्पा, कागद एकाच कप्प्यात राहतो. लेबल म्हणजे चिकटवलेली पट्टी, एका कागदावर चार पट्ट्या लागू शकतात. ऑक्टोबर २००७ मध्ये जीमेलने आयमॅप सुरू केलं, तेव्हा प्रत्येक पट्टी फोल्डरचा वेष घालून समोर आली. म्हणून डेस्कटॉपवर तोच मेल इनबॉक्समध्ये, 'ऑफिस'मध्ये आणि 'ऑल मेल'मध्येही दिसतो. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डर स्वतंत्र धरतो, म्हणजे डिस्कवर त्याच्या प्रती वाढतात. उपाय सोपा आहे. अकाउंटवर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब'मध्ये जा आणि 'ऑल मेल'ची खूण काढा. मेल कुठेही जात नाहीत, फक्त या खिडकीतून ते दालन दिसत नाही.

कॅलेंडर जास्त अवघड का गेलं?

मेल एकदा आला की बदलत नाही. मीटिंग मात्र बदलते, पुढे ढकलली जाते, एकाने होकार दिला, दुसऱ्याने नाही, तिसऱ्याने खोलीच बदलली. शिवाय ती एकाच वेळी अनेकांची असते.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं ते कॅलेंडर म्हणजे घरातलं शेअर्ड कॅलेंडरच की! छापलेल्या तिथी आणि सण सगळ्यांसाठी सारखे, त्यात बदल करता येत नाही. आणि चौकोनात पेनने लिहिलेलं, 'दूध नाही', 'गॅस लावला', 'ताईची परीक्षा', ते घरातलं कुणीही लिहितं आणि कुणीही खोडतं. हे दोन प्रकार लक्षात ठेवा, लगेच लागतील.

१९९६ मध्ये ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या गटाने व्हीकॅलेंडर नावाचा फॉरमॅट आणला. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यातून आयकॅलेंडर तयार झालं. ते लिहिणारे दोघे होते लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. ऑफिसच्या बाजारात या दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, तरी नियम एकत्र लिहिला. मेलबरोबर येणारी आयसीएस फाइल ती हीच. मीटिंगचं निमंत्रण मेलमधून कसं जावं, होकार कसा परत यावा, हेही तेव्हाच ठरलं.

पण फाइल पाठवणं म्हणजे शेअर करणं नव्हे. सगळ्यांनी एकाच वहीत लिहायचं तर वही सर्व्हरवर हवी. मेलसाठी आयमॅपने जे केलं, ते कॅलेंडरसाठी कॅलडॅव्हने केलं. लिसा डुसो यांनी २००३ मध्ये मसुदा मांडला, मार्च २००७ मध्ये तो मानक झाला. म्हणजे मेल आणि कॅलेंडर यांच्यात एकवीस वर्षांचं अंतर!

कॅलडॅव्हमधली एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक नोंदीवर सर्व्हर एक शिक्का मारतो. तुम्ही नोंद बदलून पाठवली की सर्व्हर विचारतो, तुझ्याकडचा शिक्का ताजाच आहे ना? मधल्या वेळेत कुणी बदल केला असेल तर शिक्का जुळत नाही आणि तुमचा बदल नाकारला जातो. आधी नवीन प्रत घ्या, मग लिहा. दोघांनी एकमेकांचं लिखाण नकळत पुसू नये म्हणून ही राखण.

आता ते दोन प्रकार. कुणी तुम्हाला आयसीएसची लिंक दिली, तर ते छापील कालनिर्णय. फक्त वाचायचं. कॅलडॅव्हचा पत्ता दिला आणि लिहायची परवानगीही दिली, तर पेन तुमच्या हातात. 'कॅलेंडर जोडलं, पण त्यात मीटिंग टाकता येत नाही' ही तक्रार मी ऐकते, तेव्हा बहुतेक वेळा लिंक पहिल्या प्रकारची निघते. क्लासिक आउटलुक वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ते त्यांच्या स्वतःच्या एक्स्चेंज सर्व्हरशी उत्तम बोलतं, पण कॅलडॅव्ह त्याला मुळात येत नाही. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं.

वेळेचंही पाहा. नोंदीत नुसतं 'सकाळी १०' लिहून भागत नाही, कुठले १० ते लागतं. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता, सुमारे ३९ मिनिटं मागे. एकाच शहरात दोन घड्याळं! आज कॅलेंडरचे प्रोग्राम ज्या टाइमझोनच्या यादीवर चालतात, तिच्यात असे जुने बदलही नोंदलेले आहेत. तुमचा झोन 'एशिया/कोलकाता' दिसला तर दचकू नका, तीच आपली वेळ.

परत परत येणाऱ्या नोंदींचंही तसंच. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, हे आयकॅलेंडरमध्ये एका ओळीत लिहिता येतं. संकष्टी मात्र नाही, कारण ती चंद्रावर चालते. पंचांगाच्या आयसीएस फाइलींमध्ये म्हणून एकेक तारीख वेगळी टाकावी लागते.

मग करायचं काय?

थोडक्यात सांगते. अकाउंट जोडताना आयमॅप निवडा. मेल येण्यासाठी पोर्ट ९९३, जाण्यासाठी ४६५ किंवा ५८७. पासवर्डऐवजी ब्राउझरची खिडकी उघडून परवानगी मागितली तर घाबरू नका. २०२२ पासून गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत बंद करत आणली. नवीन पद्धतीत प्रोग्रामला फक्त परवाना मिळतो, तुमचा पासवर्ड त्याच्याकडे राहत नाही. ऑफिसचा सामायिक इनबॉक्स असेल तर पासवर्ड वाटू नका, फोल्डर शेअर करायला सांगा. आयमॅपमध्ये कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी काढायचं, हे माणसागणिक ठरवायची सोय १९९७ पासून नियमात आहे. माणूस नोकरी सोडून गेला की फक्त त्याचा हक्क काढायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आयमॅप म्हणजे बॅकअप नाही. सर्व्हर हीच खरी प्रत असल्यामुळे एका खिडकीतून पुसलं की सगळ्या खिडक्यांतून पुसलं जातं. अकाउंटच बंद झालं तर सगळंच गेलं. पॉपमध्ये मामांची डिस्क गेली, आयमॅपमध्ये अकाउंट जाऊ शकतं. म्हणून डेस्कटॉप प्रोग्राम हवा. थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स' असतात. वर्षातून दोनदा महत्त्वाचे मेल तिथे कॉपी करा, हलवू नका, आणि ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. कॅलेंडरही आयसीएस म्हणून एक्सपोर्ट करून ठेवा.

हे करता येतं कारण नियम खुले आहेत. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ मध्ये मोझिलाने त्यातलं काम कमी करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना वाटलं, संपलं. स्वयंसेवकांनी ते चालू ठेवलं, २०२० मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी झाली, आणि त्याच वर्षी कॅलेंडर थंडरबर्डचा कायमचा भाग झालं. समजा थंडरबर्ड खरंच बंद पडला असता, तरी लोकांचे मेल गेले नसते. दुसरी कुठलीही खिडकी उघडून ते बघता आले असते.

तुम्ही ज्या चॅट ॲपवर दिवसभर बोलता, त्याचं असं आहे का? ते उद्या बंद झालं तर तुमची संभाषणं दुसऱ्या ॲपमध्ये उघडतील का? विचार करून बघा.

आजचं काम एवढंच. घरातल्या कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर उघडा, मेलच्या अकाउंट सेटिंगमध्ये जा आणि तिथे पॉप लिहिलंय की आयमॅप ते पाहा. पॉप दिसलं तर आधी त्या मशीनचा बॅकअप घ्या, बाकीचं नंतर.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!